परडं कुणाच्या नावावर?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'शहरातली शेती' या विषयावर बोलायला सांगितलंय. पत्रिकेत पुढे 'प्रात्यक्षिकासह' असंही छापलंय. म्हणून येताना तुर्भ्याहून लोकलने ही गोणी घेऊन आले. आत उसाची चिपाडं आहेत, वाळका पाला आहे, थोडी माती आहे. बायकांच्या डब्यात एकीने विचारलं, "काय विकायला काढलंय?" म्हटलं, "काही नाही, भाषण आहे." ती हसली आणि पाय उचलून तिने गोणीला जागा करून दिली.

प्रात्यक्षिक करूच. पण आधी मला जमिनीच्या एका तुकड्याची गोष्ट सांगायचीय. ती आमच्या फजितीची गोष्ट आहे आणि त्या फजितीत माझा वाटा मोठा आहे.

मी नवी मुंबईत, तुर्भ्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये अकरा वर्षं काम करते. माझे वडील माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे. बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला तसे आम्हीही खाडी ओलांडून आलो. कांदा-बटाट्याचा बाजार आधीच आला होता. भाजी आणि फळांचा आला १९९६ साली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मुंबईच्या पोटात जाणाऱ्या भाजीचे ट्रक ज्या दारातून आत-बाहेर होतात, त्या दाराशी मी वाढले असं म्हणायला हरकत नाही. त्या आवारात पहाटे काही बायका दिसतात. गाडी रिकामी होताना खाली सांडलेली भेंडी, फुटलेला कोबी, दबलेले टोमॅटो त्या वेचतात, निवडतात आणि रस्त्याकडेला वाटे लावून विकतात. विकून जे उरेल ते त्यांच्या घरी शिजतं. एवढ्या मोठ्या भाजीबाजाराच्या सावलीत राहून पालेभाजी परवडत नाही, अशी घरं माझ्या कामाच्या भागात शेकड्यांनी आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरकामं सुटली, नाक्यावरचं काम बंद झालं. मे महिन्यात करोनाचे रुग्ण वाढले म्हणून बाजारही आठवडाभर बंद ठेवावा लागला. आम्ही शिधा वाटत होतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. तिसऱ्या फेरीला एक जण म्हणाली, "ताई, तांदूळ राहू द्या. हिरवं काही असलं तर बघा. पोरांची तोंडं आलीत."

तिथून हे सगळं सुरू झालं.

वस्तीच्या मागच्या अंगाला दीडेक गुंठ्याचा मोकळा तुकडा होता. वर्षानुवर्षं तिथे डेब्रिज पडत होतं. चौदा बायका तयार झाल्या. त्यातल्या बहुतेकींचे सासू-सासरे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून दगडखाणींवर आलेले. मी उत्साहाने भाजीपाला लागवडीची एक पुस्तिका घेऊन गेले. ती कुणी उघडली नाही. पुढे एका घरात तव्याखाली दिसली. त्यांना शेती शिकवायला मी कोण? त्यातली एक तेराव्या वर्षी लग्न होऊन मुंबईला आलेली. तिने मूठभर माती उचलली, चुरली, हुंगली आणि म्हणाली, "ही माती नाही, हा भराव आहे. हिला आधी खायला घालावं लागेल." तीन आठवडे नुसता कचरा उपसण्यात गेले. मग जवळच्या तबेल्यातलं शेण, रस्त्याकडेच्या झाडांचा पाला, घरातली सालं. पहिल्या पावसाबरोबर माठ आणि चवळी पेरली. पंचविसाव्या दिवशी माठ काढला. पुढे अंबाडी, मिरची, वांगी, मांडवावर दोडका आणि कारली. वाटे समान पडायचे. भांडणंही व्हायची, विशेषतः कोथिंबिरीवरून. कोथिंबीर कमी येते आणि सगळ्यांनाच हवी असते.

याच काळात, साधारण ऑगस्टमध्ये, एकीने विचारलं, "ताई, जागेसाठी एखादा अर्ज टाकून ठेवू या का?" आणि मी, एम.एस.डब्ल्यू. झालेली, समुदाय संघटनेच्या पेपरात चांगले गुण मिळवलेली, तिला म्हणाले, "झोपलेल्याला कशाला उठवायचं?"

जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी जेसीबी आला. बायका कामावर गेलेल्या होत्या. दुपारी परत येईपर्यंत पत्र्याचं कुंपण उभं राहिलं होतं. वांग्याची झाडं मुळासकट ढिगात पडली होती. आम्ही त्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "कागद काय आहे तुमच्याकडे?" कागद नव्हता. दीड वर्षाची भाजी होती, पण ती खाऊन झाली होती. दुसऱ्या दिवशी वस्तीतली चार पुरुष मंडळी आपणहून बोलणी करायला गेली. बायकांपैकी कुणाला त्यांनी विचारलंही नाही. बोलणी झाली. त्यातल्या एकाला त्याच कुंपणाआत वॉचमनची नोकरी लागली.

मला त्या दिवसापासून शहरातल्या शेतीबद्दल कुणी बोलायला लागलं की पहिलं हेच विचारावंसं वाटतं: जागा कुणाच्या नावावर आहे?

नवी मुंबईत हा प्रश्न जुना आहे. मुंबईवरचा भार कमी करायला जुळं शहर वसवायचं ठरलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. आपण ज्या सेक्टरांत राहतो, तिथे भातखाचरं होती, खारबंदिस्ती होती, मिठागरं होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारीला जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मरण पावले. त्या लढ्यात आगरी बायका मोठ्या संख्येने उतरल्या होत्या. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

आमच्या गटातली एक जण बेलापूरच्या बाजूला एका गावठाणात भाड्याने राहते. तिची घरमालकीण आगरी, वय ऐंशीच्या पुढे. मी तिच्याशी दोन-तीन दुपारी बोलत बसले. आजी सांगत होत्या, घरामागे परडं होतं. दुधी, पडवळ, वाल, विहिरीच्या पाटाशी अळू, कोपऱ्यात शेवगा. "भाताचा हिशोब त्यांच्याकडं, परड्याचा माझ्याकडं." भाजीची पाटी डोक्यावर घेऊन त्या बाजाराला जायच्या. सुटे पैसे पिठाच्या डब्यात. पोरांच्या शाळेच्या पाट्या, बाळंतपणाचं तूप, सगळं त्या डब्यातून झालं. संपादनाची मोजणी झाली ती शेताची. सातबारावर होतं ते. परडं गावठाणात, घराला लागून. ते कुणी घेतलं नाही.

"मग परडं कुठे गेलं, आजी?"

त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. आम्ही बसलो होतो त्या खोलीखाली. शेती गेल्यावर मुलांनी भाड्यासाठी खोल्या बांधल्या. आजींना कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं त्यांनाही तेव्हा वाटलं नाही. भाडं मुलांकडे येतं. पिठाचा डबा आता पिठाचाच आहे.

शेताचा मोबदला पुरुषांच्या हातात गेला, कारण कागदावर बहुतेक नावं पुरुषांची होती. महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला १९९४ मध्ये, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. सबंध देशासाठी ती दुरुस्ती झाली २००५ मध्ये. तोवर इथली बरीचशी जमीन शेती म्हणून उरलेलीच नव्हती. उरले ते साडेबारा टक्क्यांचे भूखंड, आणि त्यांच्या वाटपाच्या वेळी बहिणींपुढे येतं ते हक्कसोडपत्र. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर भाऊबीज बंद होते. तुमच्यापैकी कितीजणींनी सही केलीय, मी हात वर करायला सांगत नाही.

आता जरा अवघड विषयाकडे येते.

हार्बर मार्गावरून जाताना रुळांच्या कडेला हिरवेगार वाफे तुम्ही पाहिले असतील. पालक, लाल माठ, मुळा, भेंडी. रेल्वेची 'अधिक धान्य पिकवा' नावाची योजना होती. हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सरकारी मोहिमेचं. या योजनेखाली रुळांलगतची मोकळी जमीन रेल्वेच्या खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना परवान्यावर भाजीपाल्यासाठी दिली जात असे. अतिक्रमण होऊ नये हाही त्यात हेतू. प्रत्यक्षात मी पाहिलं ते असं: परवाना एकाचा, कसणारा दुसरा, बहुधा उत्तरेकडून आलेला, आणि वाकून खुरपणारी, अंधारात जुड्या बांधणारी त्याची बायको. तिचं नाव या साखळीत कुठेच नाही. पाणी नाल्याचं. जुड्याही त्याच नाल्यात धुतल्या जात.

दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी येते, 'सावधान, तुम्ही गटाराची भाजी खाताय'. सोबत वाफ्यात वाकलेल्या बाईचा फोटो. मग सोसायट्यांची निवेदनं निघतात, हे लोक हटवा म्हणून.

ती भाजी चांगली आहे असं मी म्हणणार नाही. आपण आपल्याच बायांशी खोटं बोलायचं नाही. नाल्याच्या पाण्यात दोन प्रकारची घाण असते. एक आपल्या मोरी-संडासातली, म्हणजे जंतू आणि जंतांची अंडी. भाजी नीट धुतली, शिजवली की यातला बराच धोका जातो. दुसरी घाण कारखान्यांची. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांचं सांडपाणी पक्क्या प्रक्रियेविना नाल्यात उतरलं तर त्यातून शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू येतात. ते मुळावाटे झाडाच्या आत जातात. धुऊन जात नाहीत, उकळून जात नाहीत. फळभाज्यांपेक्षा पालेभाज्यांत ते सहसा जास्त साठतात. रक्तात लोह कमी असलेलं शरीर शिसं अधिक शोषतं. आणि लोह कुणाच्या रक्तात कमी आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे रक्त वाढावं म्हणून आपण जिला 'पालक खा' सांगतो, तिच्याच अंगात शिसं लवकर भिनतं, आणि ती गरोदर असेल तर वारेतून ते पोटातल्या बाळापर्यंत जातं.

हे सगळं मी एकदा रुळाकडेच्या एका बाईला समजावून सांगत होते. तिने शांतपणे जुडी बांधून पूर्ण केली आणि म्हणाली, "दीदी, नाला हमने गंदा किया है क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती विष पिकवते असं म्हणणारे लोक त्या नाल्यात विष सोडणाऱ्याचा फोटो छापत नाहीत. आणि ती भाजी खाणारं गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच वस्तीतल्या बाया, कारण तिच्याकडे जुडी स्वस्त मिळते. एकीला हटवलं तर दुसरीच्या ताटातली भाजी जाते. आम्ही वस्तीत काय सांगायला लागलो? गरोदर बाईने आणि लहान मुलांनी नाल्यावरची पालेभाजी खाऊ नये. बाकीच्यांनीही शक्यतो टाळावी. पण एवढं सांगून थांबलो तर आपण आणि ते निवेदनवाले सारखेच. नवी मुंबईत महापालिका सांडपाण्यावर प्रक्रिया करते, प्रक्रिया केलेलं पाणी उद्यानांना आणि उद्योगांना वापरायला देते. बागेतल्या हिरवळीला ते पाणी मिळतं, तर भाजीच्या वाफ्यालाही तपासून, मोजून का मिळू नये? हे पाणी पालेभाजीला चालेल की नाही, जंतूंसाठी आणि धातूंसाठी त्याची तपासणी कोण करणार, अहवाल कुठे लावणार, हे विचारायला आपण गेलं पाहिजे. आम्ही आमच्या तुकड्यातली भाजी तपासून घ्यायला निघालो होतो. एका नमुन्याचा जो दर सांगितला, त्यात आमच्या गटाची महिन्याची बचत संपली असती. नमुना फडक्यात गुंडाळून परत आणला. शिजवला नाही, एवढंच.

सोसायट्यांचा विषय निघालाच आहे तर गच्चीवर जाऊ. हल्ली गच्चीवरची बाग हा मोठा छंद झालाय. मी त्याची चेष्टा करत नाही. यात आपल्या महाराष्ट्रात मोलाचं काम झालंय. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि शेतकऱ्यांना, गृहिणींना सांगितलं की ऊन, पालापाचोळा आणि थोडं पाणी यांचा हिशोब नीट मांडला तर अगदी कमी जागेत भरपूर पिकतं. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं वाढवली. त्या तिथे उपाहारगृहाच्या अधिकारी होत्या. शेतीतली पदवी वगैरे काही नव्हती. आमची ही गोणीची पद्धत त्याच घराण्यातली.

गच्चीबद्दल एक धोक्याची सूचना मात्र देते, कारण ती कुणी देत नाही. गच्चीवर माती ओतू नका. एक चौरस मीटरवर फूटभर जाडीचा ओल्या मातीचा थर म्हणजे पाचशे किलोच्या आसपास वजन. माणसांच्या वावरासाठी बांधलेली गच्ची साधारण चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात. वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींच्या सळ्या खाऱ्या हवेने आधीच गंजलेल्या. म्हणून पाला, चिपाडं, नारळाच्या शेंड्या. हलकं काम. गोण्या भिंतींच्या कडेने ठेवायच्या, मधोमध नाही.

आणि दुसरी गोष्ट कष्टाची. एका सोसायटीत गच्चीवरच्या बागेचं उद्घाटन होतं, मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. फुलांच्या रांगोळ्या, फोटो. तीन महिन्यांनी आमच्याच गटातली एक घरकामगार म्हणाली, "ताई, तुमच्या त्या बागेचं पाणी आता मला घालावं लागतं. पगार तेवढाच." मी त्या सोसायटीत भाषणात 'प्रत्येक घराने सेंद्रिय अन्न पिकवावं' असं म्हणून आले होते. घर म्हणजे कोण, हे म्हणाले नव्हते. वस्तीतही तेच. पहाटे साडेचारला नळाचं पाणी, डबे, दोन घरची धुणी-भांडी, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि त्यात आता झाडांना पाणी. नवऱ्याला भाजी ताजी लागते; झारी त्याच्या हाताला जड होते. गटात आम्ही यावर उघड भांडलो. शेवटी ठरलं की वार वाटून घ्यायचे आणि ज्या घराचा वार, त्या घरातल्या पुरुषाने किंवा मुलाने पाणी घालायचं. चौदापैकी पाच घरांत ते जमलं. एका घरात मुलगा पाणी घालायला लागला आणि त्याच्या मित्रांनी त्याला 'माळीणबाई' म्हणायला सुरुवात केली. तरी तो घालतो. मला त्याचं फार कौतुक आहे, पण त्याच्यासमोर करत नाही, लाजतो.

जमिनीवर बाईचं नाव लागावं, तिच्या पिकाचा हिशोब तिच्याकडे राहावा, ही मागणी आपल्याकडे काही नवी नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली. शरद जोशींनी १९९१ मध्ये 'सीताशेती' मांडली, म्हणजे घरच्या शेताचा एक तुकडा बाईकडे, त्यात बाहेरचं खत-औषध न आणता तिने घरासाठी धान्य-भाजी पिकवायची. त्यांच्या राजकारणाशी आपले कितीतरी मतभेद राहिले, पण ही कल्पना टाकाऊ नव्हती. मराठवाड्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने बायकांना घरात बोलणी करायला तयार केलं, 'एक एकर मला द्या, त्यात मी खायचं पिकवते'. दुष्काळात नगदी पीक करपलं तेव्हा त्या एकरावर घरं जगली. केरळात कुटुंबश्रीच्या गटांनी पडीक जमिनी सामूहिक खंडाने घेतल्या. क्युबाचं उदाहरण तर शहरातलंच आहे. १९९१ नंतर सोव्हिएत मदत आटली, खत नाही, डिझेल नाही, तेव्हा हवानात रिकाम्या भूखंडांवर भाज्या उगवल्या. त्याचं गुणगान करताना लोक खताच्या कृतीबद्दल बोलतात. मला त्यातली महत्त्वाची बाब ही वाटते की सरकारने कसणाऱ्यांना ते भूखंड वापरायचा हक्क दिला.

नवी मुंबईत असे भूखंड नाहीत का? उच्चदाब वाहिन्यांखालचे पट्टे आहेत. त्यांवर रोपवाटिका आहेतच. शाळांची मागची आवारं आहेत. वर्षानुवर्षं राखीव म्हणून पडून असलेले प्लॉट आहेत. डोंगर सपाट करून, नदीचा प्रवाह वळवून विमानतळ करता येतो, २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटनही झालं. मग चौदा बायकांना दीड गुंठा तात्पुरत्या परवान्याने देण्यात तांत्रिक अडचण कोणती, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. जागा इमारतीला लागेल तेव्हा सोडू, असं आम्ही लिहून द्यायला तयार आहोत.

फार मोठी स्वप्नंही दाखवत नाही. शहरात तांदूळ पिकणार नाही, डाळ पिकणार नाही. रेशनचा लढा आहे तो आहेच. राष्ट्रीय पोषण संस्था दर माणशी रोज शंभर ग्रॅम पालेभाजी सांगते, म्हणजे पाच जणांच्या घराला अर्धा किलो. आमचा अनुभव असा की दहा-बारा गोण्या नीट सांभाळल्या तर आठवड्यातून दोन वेळची भाजी निघते. बाकी पाच दिवस विकतच घ्यावी लागते. पावसाळ्यात कर्नाळा, खालापूरकडच्या कातकरी आणि ठाकूर बाया टाकळा, कुर्डू, शेवळं, कंटोली घेऊन स्टेशनबाहेर बसतात, त्यांच्याकडून घ्या. आणि त्यांची पाटी उचलून नेणारी गाडी आली तर मध्ये उभ्या राहा. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे, एवढं तरी त्या माणसाला सांगा.

आमचं पुढे काय झालं ते सांगते. २०२३ पासून आम्ही अर्ज करतोय. अर्ज गटाच्या नावाने आणि खाली प्रत्येकीची सही, अंगठा. एक कार्यालय म्हणतं जागा आमची नाही, दुसरं म्हणतं धोरण नाही. फाइल जाड होतेय. चौदाच्या आता नऊ जणी राहिल्यात. दोघी गावाला परतल्या, एकीच्या गुडघ्यांनी साथ सोडली, दोघी रागावल्या आहेत, माझ्यावरच. त्यांचा राग मला मान्य आहे.

मधल्या काळात एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मागच्या आवाराची अर्धी पट्टी दिली. देताना म्हणाल्या, "घ्या की, कागद कशाला?" या वेळी मीच हट्ट धरला. त्यांनी शाळेच्या कागदावर आठ ओळी लिहून दिल्या, शिक्का मारला, आणि खाली नऊ बायकांची पूर्ण नावं घातली. त्यांची स्वतःची, बापाचं आणि आईचंही नाव लावून, कारण तीन जणींनी नवऱ्याचं नाव लावायला नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किती वजन आहे, ते इथल्या वकील मैत्रिणींनी मला नंतर जरूर सांगावं. आमच्या गटातल्या त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईने, जिला मी तेव्हा गप्प केलं होतं, त्याची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवलीय.

बरं, आता गोणी पुढे घेऊ या. दोघी-तिघी या. तळाला चिपाडं अंथरायची, हाताने दाबायची. ही कालच्या रसवंतीवरची आहेत, मुंग्या असतील, जपून. वर पाला, तोही दाबून. या बाटलीत शेण, गोमूत्र आणि काळा गूळ पाण्यात तीन दिवस भिजवून, दिवसातून तीनदा ढवळून, मग दहापट पाणी घालून पातळ केलेलं आहे. प्रत्येक थरावर तेवढं शिंपडायचं. वास येतो, सवय होते. माती शेवटी, चार बोटं पुरे. आणि हे मायाळूचे वेल कोण नेणार आहे ते आधी सांगा, मी सहाच आणलेत.